गुलाबी फुग्यासमोर चपळ कोल्हा का अडतो? 'स्मॅश'मधलं मॅचअपचं गणित समजून घ्या

जुलै २०१६. अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये 'इव्हो' ही फायटिंग गेम्सची जगातली सर्वांत नावाजलेली स्पर्धा सुरू होती. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' या गेमच्या अंतिम सामन्यात पडद्यावर दोन पात्रं समोरासमोर होती. एक फॉक्स, म्हणजे हातात लेझर बंदूक असलेला चपळ कोल्हा. दुसरी जिगलीपफ, म्हणजे गुलाबी, गोलमटोल आणि फुग्यासारखी हवेत तरंगणारी.

फॉक्स होता स्वीडनच्या अ‍ॅडम लिंडग्रेन ऊर्फ 'आर्माडा'च्या हातात. तो आदल्या वर्षीचा विजेता होता. जिगलीपफ खेळवत होता अमेरिकेचा हुआन डेबिएडमा ऊर्फ 'हंग्रीबॉक्स'. जिंकला हंग्रीबॉक्स.

हा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. गेममधल्या सर्वांत बलवान पात्रांत गणला जाणारा फॉक्स एका फुग्यासमोर इतका अडतो कसा? आणि आर्माडाची ओळख 'पीच' या राजकन्येच्या पात्रामुळे झाली होती, तर एवढ्या मोठ्या सामन्यात त्याने पीच बाजूला ठेवून फॉक्स का घेतला?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच शब्दात आहे: मॅचअप. म्हणजे समोर नेमकं कोण आहे, यावरून ठरणारी लढत.

हा गेम नेमका आहे काय?

'मेले' हे नाव वाचून मराठी माणूस दचकेल, पण मूळ शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ झटापट असा होतो. निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्रासाठी हा गेम नोव्हेंबर २००१ मध्ये जपानमध्ये आला. मारिओ, पिकाचू, लिंक अशी निन्टेन्डोच्या वेगवेगळ्या गेम्समधली पात्रं यात एकमेकांशी लढतात. एकूण पात्रं २६.

नेहमीच्या फायटिंग गेममध्ये प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची पट्टी असते. मार बसला की ती कमी होते आणि संपली की खेळाडू बाद. 'स्मॅश'मध्ये उलटं आहे. इथे शून्य टक्क्यांपासून सुरुवात होते आणि मार खाल तसा आकडा वाढत जातो. आकडा जितका मोठा, तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता. उडत उडत पडद्याच्या हद्दीबाहेर गेलात की एक जीव गेला.

मेलेच्या स्पर्धांमध्ये साधारणपणे प्रत्येकाला चार जीव आणि डावाला आठ मिनिटं मिळतात. वेळ संपली तर ज्याचे जीव जास्त तो जिंकतो. जीव सारखे असतील तर ज्याचे टक्के कमी तो.

लढत होते ती एका तरंगत्या मंचावर. बहुतेक मंचांवर उभं राहायला वर छोट्या फळ्याही असतात. कोणी बाहेर फेकलं गेलं, तर त्याला उड्या मारून पुन्हा मंचावर यायची संधी असते. म्हणून मारणं जितकं महत्त्वाचं, तितकंच परत येणं आणि दुसऱ्याला परत येऊ न देणं.

मॅचअप म्हणजे काय?

आयपीएल पाहणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. समोर डावखुरा फलंदाज आला की कर्णधार ऑफस्पिनरला बोलावतो. गोलंदाज तोच आणि चेंडूही तोच, पण समोरचा बदलला की त्याच चेंडूची किंमत बदलते. कुस्तीच्या आखाड्यातही उंच पैलवानावर चालणारा डाव बुटक्या, जड पैलवानावर चालेलच असं नाही.

'स्मॅश'मध्ये हे टोकाला जातं, कारण इथे खेळाडू नुसता शैलीने वेगळा नसतो. त्याच्या पात्राचं वजन, खाली पडण्याचा वेग, हाताची लांबी, उड्यांची संख्या, सगळंच वेगळं असतं. २६ पात्रं म्हटली की प्रत्येकाच्या २६ वेगळ्या लढती होतात, त्यातली एक स्वतःसारख्याच पात्राशी.

खेळाडू हे फरक आकड्यांत बोलतात. 'ही लढत ६०-४० आहे' असं कोणी म्हणालं, तर त्याचा अर्थ असा: सारख्याच तयारीचे दोघे शंभर वेळा खेळले, तर एका पात्राला साधारण साठ विजय मिळावेत. हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेत मोजलेले नसतात. ते अनुभवी खेळाडूंचे अंदाज असतात आणि त्यावर सतत वाद चालतो.

एकच फेक, दोन निकाल

मॅचअपचं मूळ समजून घ्यायला एकच गोष्ट पुरते: वर फेकणं.

या गेममध्ये समोरच्याला पकडून वर भिरकावता येतं. आता गंमत अशी की इथे सगळ्या पात्रांसाठी गुरुत्वाकर्षण सारखं नाही. फॉक्स दगडासारखा झपकन खाली येतो. पीच आणि जिगलीपफ पिसासारख्या सावकाश उतरतात.

जिगलीपफने फॉक्सला वर फेकलं, तर तो काही क्षणांत पुन्हा तिच्या आवाक्यात येतो. मग ती उडी मारून त्याला गाठते आणि आपलं ब्रह्मास्त्र काढते. त्याचं नाव 'रेस्ट', म्हणजे झोप. बटण दाबताच ती डोळे मिटते आणि त्या क्षणी जो तिच्या शरीराला अगदी चिकटून असेल, तो भयंकर वेगाने उडतो. फॉक्सचे टक्के फारसे वाढलेले नसले, तरी एक जीव गेला समजायचं.

तीच फेक पीचवर करून पाहा. पीच वर जाते आणि वरच रेंगाळते. जिगलीपफ तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ती सावरलेली असते. म्हणजे बटणं तीच, क्रम तोच, पण एकीकडे जीव जातो आणि दुसरीकडे काहीच हाती लागत नाही.

मार्थ या तलवारबाजाचंही असंच आहे. त्याने फॉक्सला वर फेकलं की फॉक्स परत त्याच्याच हातात पडतो. मार्थ पुन्हा पकडतो आणि पुन्हा फेकतो. या साखळीत फॉक्सचे टक्के चढत जातात आणि शेवटी एका फटक्यात तो मंचाबाहेर जातो. जिगलीपफवर ही साखळी चालत नाही, कारण ती वरच्या वर उडी मारून निघून जाते.

मग झपकन पडणं हा शाप आहे का? तसंही नाही. त्याच गुणामुळे फॉक्स लवकर जमिनीवर येतो आणि पुढचा हल्ला लवकर सुरू करतो. वरच्या दिशेने मारलेल्या फटक्यातही तो हलक्या पात्रांपेक्षा जास्त टिकतो. उलट जिगलीपफ साखळ्यांमधून सुटते, पण ती गेममधल्या सर्वांत हलक्या पात्रांपैकी आहे. वरच्या दिशेने एक जोरदार लाथ बसली की ती गेली. प्रत्येक पात्राचा गुण हा कुठल्या ना कुठल्या लढतीत त्याचा दोष ठरतो.

मार खाणाराही अगदी हतबल नसतो. फटका बसताना कंट्रोलरची कांडी ज्या दिशेला धराल, त्यानुसार उडण्याची वाट थोडी वळते. मार्थच्या हातून सुटायला कांडी कुठे धरायची आणि जिगलीपफच्या रेस्टपासून वाचायला कुठे धरायची, याची उत्तरं वेगळी आहेत. गेम सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने चालतो. त्यामुळे विचार करायला वेळ नसतो, उत्तर आधीच हातात भिनलेलं असावं लागतं. 'मॅचअप माहीत असणं' म्हणतात ते हेच.

फॉक्स आणि जिगलीपफ: कोणाचा डाव काय?

आता लास वेगासच्या त्या लढतीकडे परत येऊ.

फॉक्सची योजना कागदावर सोपी आहे. लांब राहायचं आणि लेझर मारायचा. हा लेझर समोरच्याला थांबवत नाही, ढकलतही नाही, फक्त टक्के वाढवतो. जिगलीपफकडे लांबून मारायला काहीच नाही. म्हणजे नुसतं उभं राहणं तिला परवडत नाही, कधीतरी जवळ यावंच लागतं. ती जवळ आली की फॉक्सने झटकन फटका मारून पळायचं. संधी मिळाली की पकडायचं, वर फेकायचं आणि मागोमाग उडी मारून वरच्या दिशेने लाथ घालायची. तिच्या हलक्या शरीराला हा जोड पुरतो.

जिगलीपफची योजना नेमकी उलटी आहे. पाठलाग करायचा नाही, कारण वेगात फॉक्सला गाठणं शक्य नाही. हवेत पुढे-मागे डुलत राहायचं आणि पाठमोरी लाथ मारत फॉक्सला हव्या त्या जागी येऊ द्यायचं नाही. जमिनीवरच्या उडीनंतर तिच्याकडे हवेतल्या आणखी पाच उड्या असतात. मंचाबाहेर लांब जाऊन फॉक्सला अडवायचं आणि आरामात परत यायचं, हे तिला जमतं. फॉक्सला तितकी मोकळीक नाही. मग वाट पाहायची ती एका चुकीची. फॉक्स जरा जास्त जवळ उतरला किंवा त्याचा फटका ढालीवर आपटून तो क्षणभर अडकला, की झोप.

पण झोपेचीही किंमत असते. रेस्ट केल्यावर जिगलीपफ खरोखर झोपते, साधारण चार सेकंद. रेस्ट हुकली तर फॉक्स निवांत येतो, पूर्ण ताकद साठवतो आणि तिला उडवतो. रेस्ट लागली तरी धोका संपत नाही. जीव गमावलेला फॉक्स नव्या जीवासह खाली येतो, तेव्हा बऱ्याचदा ती अजून झोपलेलीच असते.

म्हणून कसलेला खेळाडू झोपण्याआधी हिशोब करतो. माझे टक्के किती? तो परत येऊन मला मारू शकेल का? एकाच्या बदल्यात एक जीव जाणार असेल, तर तो सौदा आत्ता परवडतो का? स्वतःचे टक्के आधीच शंभराच्या पुढे गेलेले असतील, तर तसाही जाणारा जीव देऊन समोरच्याचा ताजा जीव घेणं फायद्याचं. पण आपण ताजे आणि समोरचा मरणाच्या दारात असेल, तर साध्या लाथेने भागतं आणि झोपायची गरज नसते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बहुतेक जाणकार या लढतीत फॉक्सचं पारडं थोडं जड मानतात. पण ते जड ठेवायला फॉक्सला सलग कितीतरी निर्णय अचूक घ्यावे लागतात. जिगलीपफला मात्र समोरच्याची एक चूक पुरते. अंतिम सामन्याच्या ताणात, बोटं दुखत असताना, आठ मिनिटं एकही चूक न करणं याला कागदावरच्या आकड्यांत जागा नसते.

मैदान कोण निवडतं?

लढत सुरू होण्याआधीच मॅचअपचा अर्धा डाव खेळून झालेला असतो, तो मंच निवडताना.

मेलेच्या स्पर्धांत बराच काळ सहा मंच रूढ आहेत. पहिल्या डावासाठी दोघे खेळाडू आळीपाळीने नको असलेले मंच खोडतात आणि उरलेल्यावर खेळतात. त्यानंतर हरलेला खेळाडू पुढचा मंच निवडतो. तीन डावांच्या लढतीत जिंकलेल्याला सहसा एका मंचावर बंदी घालता येते.

'फायनल डेस्टिनेशन' या मंचावर वर एकही फळी नाही, सगळं सपाट. मार्थला तो अतिशय प्रिय आहे. फळ्या असलेल्या मंचावर फेकलेला फॉक्स अनेकदा वरच्या फळीवर पडतो, लोळत निसटतो आणि साखळी तुटते. सपाट मंचावर अडवायला काहीच नाही, तो थेट मार्थच्या हातात येतो. म्हणून फॉक्सचा खेळाडू समोर मार्थ दिसला की बंदीचा हक्क बऱ्याचदा याच मंचासाठी राखून ठेवतो.

पाच डावांच्या लढतीत मात्र सहसा बंदी नसते. फॉक्सला एकदा तरी त्या सपाट मंचावर जावं लागेल, हे दोघांनाही आधीच माहीत असतं. तिथला डाव वाचवण्याचा सराव फॉक्सचे खेळाडू वेगळा करतात. काही जण तर तो डाव जवळपास गेलाच असं धरून उरलेल्या चारांमधून तीन कसे काढायचे याची आखणी करतात.

जिगलीपफला 'ड्रीम लँड' आवडतो. तो मोठा आहे आणि त्याचं छत उंच आहे. छत उंच म्हणजे वर उडवून बाद करायला जास्त जोर लागतो. फॉक्सची वरच्या दिशेची लाथ दुसऱ्या मंचावर जीव घेते, तीच इथे थोडक्यात कमी पडू शकते.

यात आणखी एक नियम गमतीचा आहे. त्याचं रूढ नावच 'डेव्हचा मूर्ख नियम' असं आहे. ज्या मंचावर तुम्ही याच सामन्यात जिंकला आहात, तो तुम्हाला पुन्हा निवडता येत नाही. नाव काहीही असो, आवडत्या एकाच मंचावर सगळा सामना काढायची वाट तो बंद करतो.

आर्माडाने पीच का सोडली?

आता दुसरा प्रश्न. जुलै २००९ मध्ये कॅलिफोर्नियात 'जेनेसिस' ही स्पर्धा झाली. युरोपातून आलेला आर्माडा पीच घेऊन अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे अमेरिकेच्या 'मँगो'ने जिगलीपफ वापरून त्याला हरवलं.

पीचची अडचण उघड होती. ती जमिनीतून सलगम उपटून फेकते आणि हवेत तरंगत हल्ले करते. पण हवेत जिगलीपफ तिच्यापेक्षा मोकळी आणि चपळ आहे. पीचची जी हत्यारं इतरांना अडवतात, त्यांना जिगलीपफ सहज वळसा घालते. चांगला खेळ करूनही ही चढण कायम राहणार होती.

अशा वेळी खेळाडूपुढे दोन मार्ग असतात. एक, आपल्या पात्राला धरून राहायचं आणि आणखी सराव करायचा. दोन, फक्त त्या एका लढतीसाठी दुसरं पात्र शिकायचं.

आर्माडाने दुसरा मार्ग धरला. हंग्रीबॉक्सच्या जिगलीपफसमोर २०१२ च्या सुमारास तो 'यंग लिंक' घेऊन उतरू लागला. हे पात्र एरवी मोठ्या स्पर्धांत क्वचितच दिसायचं. पण यंग लिंककडे बूमरँग, पेटते बाण आणि बॉम्ब आहेत. लांबून मारायला काहीच नसलेल्या जिगलीपफला रोखायला हा मारा उपयोगी पडत होता. सर्वसाधारण यादीत मागे असलेलं पात्र एका ठरावीक लढतीत पुढच्या पात्राहून चांगलं उत्तर ठरलं.

पुढे हंग्रीबॉक्सही या माऱ्यातून वाट काढायला शिकला आणि आर्माडाने फॉक्स हाती घेतला. २०१५ च्या इव्होमध्ये तो हंग्रीबॉक्सला हरवून विजेता ठरला. २०१६ मध्ये त्याच दोघांत निकाल उलटा लागला. एका प्रतिस्पर्ध्याचं कोडं सोडवायला पीच, मग यंग लिंक, मग फॉक्स, असा हा कित्येक वर्षांचा प्रवास होता.

हंग्रीबॉक्सने मात्र पहिला मार्ग धरला. समोर कोणीही असो, तो जिगलीपफच घेऊन आला. २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं तो जागतिक क्रमवारीत पहिला होता. एकाच पात्राच्या सगळ्या अवघड लढती आतून-बाहेरून पाठ करणं, हीही मॅचअपची तयारीच आहे.

ज्याचा अभ्यासच झाला नव्हता ते पात्र

मॅचअपची आणखी एक बाजू आहे: अनोळखीपणा.

'योशी' हा हिरवा डायनासोर. मेलेच्या जाणकारांनी वर्षानुवर्षं त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं. जपानच्या 'आम्सा' या खेळाडूने मात्र योशी सोडला नाही.

योशीचं एक वैशिष्ट्य पाहा. बाकीची पात्रं मंचाबाहेर असताना हवेत दुसरी उडी मारतात, तेव्हा त्यांना फटका मारला की ती उडी वाया जाते आणि बहुधा जीवही जातो. हे प्रत्येक खेळाडूच्या हातात भिनलेलं असतं. योशीच्या दुसऱ्या उडीला मात्र जणू चिलखत आहे. टक्के फार वाढलेले नसतील, तर तो फटका अंगावर घेऊन उडी पुरी करतो आणि मंचावर परत येतो. ज्याला हे नुसतं ऐकून माहीत आहे, पण ज्याच्या बोटांना माहीत नाही, तो निर्णायक क्षणी जुन्याच सवयीने फटका मारतो आणि फसतो.

फॉक्सविरुद्ध सराव करायला प्रत्येक गावात कोणीतरी मिळतं. आम्साच्या तोडीच्या योशीविरुद्ध सराव करायला आम्साच लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतली 'द बिग हाऊस १०' ही मोठी स्पर्धा आम्साने योशी घेऊन जिंकली. गेम येऊन तेव्हा जवळपास २१ वर्षं झाली होती.

अर्थात अनोळखीपणा कायम पुरत नाही. लोक सामन्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहतात. इतक्या वर्षांनी आम्साला मिळालेलं यश हे समोरच्यांच्या अज्ञानापेक्षा त्याच्या स्वतःच्या अभ्यासाचं जास्त आहे.

हा डाव की रडीचा डाव?

समोरच्याच्या दुबळ्या जागेवर सतत बोट ठेवणं पाहायला नेहमीच छान वाटत नाही. वादाला तोंड फुटतं ते इथेच.

'आइस क्लाइम्बर्स' हे जोडपात्र आहे. एक खेळाडूच्या हातात, दुसरं बऱ्याच अंशी संगणकाच्या. एकाने समोरच्याला धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने ठेक्यात मारत राहायचं, असं केलं की पकडलेल्याला सुटताच येत नाही. या युक्तीला 'वॉबलिंग' म्हणतात. 'वॉबल्स' नावाच्या ज्या खेळाडूवरून हे नाव पडलं, तो २०१३ च्या इव्होमध्ये दुसरा आला. तेव्हा ही युक्ती तिथे चालत होती.

समर्थक म्हणायचे की पकडले जाऊ नका, दोघांना वेगळं करा, जोडीदाराला आधी संपवा. म्हणजे मॅचअप शिका. विरोधक म्हणायचे की एकदा पकडलं की खेळाडूला करण्यासारखं काही उरतच नाही, मग त्याला लढत कसं म्हणायचं? पुढे, विशेषतः २०१९ पासून, मोठ्या स्पर्धांमधून वॉबलिंगवर बंदी येत गेली.

हंग्रीबॉक्सच्या संयमावरही असाच राग निघाला. तरंगत राहणं, वाट पाहणं, घड्याळ पुढे सरकू देणं नियमात बसतं. प्रेक्षकांना मात्र वेगवान फॉक्स हवा असतो. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत 'पाउंड' ही स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा प्रेक्षकांतून कोणीतरी त्याच्या दिशेने चक्क खेकडा भिरकावला. जिंकल्याच्या आनंदाच्या क्षणी त्याच्या वाट्याला हे आलं. या प्रकाराचा समाजमाध्यमांवर मोठा निषेध झाला.

दोन्ही वाद वरून सारखे दिसतात, पण त्यात फरक आहे. वॉबलिंगमध्ये पकडल्यावर समोरच्याचे सगळे पर्याय संपत होते. जिगलीपफच्या संयमासमोर पर्याय असतात, फक्त ते कष्टाचे असतात. पहिल्या गोष्टीवर नियम बदलून उत्तर मिळालं. दुसरीवर उत्तर शोधणं हे खेळाडूंचंच काम होतं, आणि आर्माडा वर्षानुवर्षं तेच करत होता.

गेम तोच, मग गणित बदलतं कसं?

आजचे बहुतेक गेम इंटरनेटवरून सतत दुरुस्त होतात. एखादं पात्र फार वरचढ ठरलं की कंपनी त्याचा जोर कमी करते. मेले त्या काळाच्या आधीचा आहे. स्पर्धांमध्ये खेळला जातो तो गेम वर्षानुवर्षं तसाच आहे.

तरीही कोणाचं पारडं जड याची मतं बदलत राहिली. सुरुवातीच्या याद्यांमध्ये जिगलीपफ वरच्या फळीत नव्हती. मँगो आणि हंग्रीबॉक्स यांनी तिच्यात काय दडलंय ते दाखवलं. योशीचंही तेच झालं. २०२० मध्ये 'स्लिपी' या प्रणालीमुळे हा जुना गेम इंटरनेटवरून जवळजवळ विनाअडथळा खेळता येऊ लागला. घरबसल्या दूरच्या, वेगळ्या पात्रांच्या खेळाडूंशी सराव शक्य झाला आणि अनोळखी लढती थोड्या कमी अनोळखी झाल्या.

बदललं ते माणसांचं ज्ञान. म्हणून '६०-४०' हा आकडा विधिलिखित मानायचं कारण नाही. आजवर लोकांना जे सापडलं, त्याची ती नोंद आहे.

सामना पाहताना काय पाहाल?

यूट्यूबवर एखादा मेलेचा सामना समोर आला, तर फटक्यांच्या गर्दीत हरवू नका. आधी पाहा, कोण झपकन पडतंय आणि कोण तरंगतंय. मग पाहा, मंचावर फळ्या आहेत की तो सपाट आहे, आणि तो निवडला कोणी. लांबून मारायला कोणाकडे काय आहे आणि जवळ येण्याची गरज कोणाला आहे, हेही बघा. शेवटी टक्क्यांकडे नजर ठेवा. जिगलीपफ झोपली, तर तो सौदा तिला परवडणारा होता का, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

मग फुग्यासमोर अडखळणारा कोल्हा दुबळा वाटणार नाही. एका चुकीची वाट पाहत बसलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर तो चूक न करता किती वेळ तग धरतोय, हे दिसू लागेल.